स्ट्रट: डॅटसन २४०झेडमध्ये आतलं कार्ट्रिज बदलतं
पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला सस्पेन्शनचा खांब) कसा बदलायचा यावर वर सल्ला आलाय: 'स्प्रिंग दाबा, अख्खा स्ट्रट बदला, काम संपलं'. हे अलीकडच्या गाड्यांना ठीक. १९७० च्या आसपासच्या डॅटसन २४०झेडला नाही. तिच्यात पुढच्या स्ट्रटची नळी आणि चाकाचा स्पिंडल (ज्यावर चाक फिरतं तो दांडा) एकजीव असतात, बदलायचं ते आतलं कार्ट्रिज, म्हणजे धक्के शोषणारं बंद नळकांडं. कार्ट्रिज नळीत धरून ठेवणारा वरचा ग्लँड नट गंजून बसलेला असतो. माझा आदल्या रात्री तेल मारूनही तासभर हलला नाही.

आणखी एक, वर कुणी लिहिलेलं नाही: नळीतलं जुनं काळं तेल ओतून टाका आणि नवीन कार्ट्रिजआधी थोडं इंजिन ऑइल घाला. धक्के शोषायला नव्हे, कार्ट्रिजची उष्णता नळीपर्यंत पोचवायला. थोडंच हं! मी पहिल्या बाजूला सढळ हाताने ओतलं, कार्ट्रिज आत जाताच सगळं फरशीवर.