रात्रीच्या पाण्याला कोणती बॅटरी घ्यावी? लांब झोताची की पसरट उजेडाची?

बांधकरी

मंडळी, नमस्कार. आम्ही जुन्नर तालुक्यातले. सव्वातीन एकर ऊस, त्याला लागून कांदा. आमच्या फीडरला एक आठवडा दिवसाची लाईट असते, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात मी आणि धाकटा भाऊ दारं धरायला, म्हणजे सऱ्यांना पाणी फिरवायला, जातो. मोटरपासून शेवटच्या सरीपर्यंत दोनशे पावलं, त्यातली निम्मी वाट दोन्ही अंगांनी उसातून. बिबट्या शिवारात कायमचाच.

आजवर बाजारातली साडेतीनशे रुपयांची झूमवाली बॅटरी चालवली. परवा ती पाटात पडली. उचलली तर काचेच्या आतून पाण्याचे थेंब, आणि दहा पावलांवर विझली. उसाच्या मधोमध होतो. मोबाईलच्या उजेडावर दोघं पाठीला पाठ लावून बाहेर आलो. तेव्हापासून आई रात्री बाहेर पडू देत नाही.

आता चांगली घ्यायची आहे. बजेट पाच-सहा हजार. एकाने लांब माऱ्याची टॅक्टिकल घे म्हणून सांगितलं, किलोमीटरभर झोत जातो म्हणे. आमच्यासारख्या कामाला तीच बरोबर का? आणि चिखलपाण्यात टिकेल अशी कोणती?

रानवाट

लांब माराच हवा असेल तर फेनिक्सची एचटी१८ बघा. १५०० लुमेन, ९२५ मीटर, २१७०० मापाचा एक सेल, सोबत लाल-हिरवे फिल्टर. बजेटच्या वर जाईल, पण जिवापुढे पैसा नको बघायला.

कडेकपारी

बांधकरी दादा, घाई करू नका. आधी खोक्यावरच्या आकड्यांचं बोलू, माणूस तिथेच फसतो.

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब जाईल हे कँडेलावर ठरतं, म्हणजे तो उजेड किती आवळून एका दिशेला सोडलाय त्यावर. फेनिक्सच्याच दोन टॉर्च शेजारी ठेवा. एचटी१८ चे १५०० लुमेन आणि ९२५ मीटर. पीडी३६आरच्या पहिल्या आवृत्तीचे १६०० लुमेन आणि २८३ मीटर. एकूण उजेड जवळपास सारखाच, पण झोताची तीव्रता एचटी१८ मध्ये दहापटीहून जास्त. तोंड रुंद, रिफ्लेक्टर खोल आणि उजेडाचा ठिपका लहान असला की झोत असा आवळला जातो.

हे मीटर मोजायची पद्धत एएनएसआय एफएल१ या मानकात ठरलेली आहे. लक्स म्हणजे समोरच्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. उजेड पाव लक्सवर उतरतो तिथवरचं अंतर छापतात. पाव लक्स म्हणजे स्वच्छ पौर्णिमेचं चांदणं. त्यात पलीकडे काहीतरी उभं आहे एवढं कळेल, कुत्रं की बिबट्या ते कळणार नाही. मी छापील अंतर सरळ निम्मं धरतो, कारण निम्म्या अंतरावर उजेड चौपट होतो आणि एक लक्स हातात येतो.

आता तुमची वाट. ऊस दोन्हीकडून अंगावर आलेला. चार मीटरवरच्या पाचटावर एचटी१८ पूर्ण जोरात मारलीत तर तिथे १३,००० लक्सच्या वर उजेड पडेल. कचेरीतल्या टेबलावर पाचशेच्या आसपास असतो. पानं पांढरीफटक होतात, डोळे दिपतात आणि बाजूचं, मागचं, पायाखालचं सगळं काळं पडतं. उभ्या उसातून आरपार जाणारा झोत कुठल्याच टॉर्चचा नसतो, कितीही पैसे मोजा.

हे मी स्वतः अनुभवलंय. हरिश्चंद्रगडावरून तोलार खिंडीकडे उतरताना धुकं आलं. माझ्याकडे लांब माऱ्याची टॉर्च होती, अभिमानाने घेतलेली. लावली की समोर पांढरी भिंत. मित्राने त्याची साधी, पिवळसर उजेडाची टॉर्च कमरेपाशी धरली तेव्हा कुठे दगड दिसायला लागले. धुक्यात उजेड डोळ्यांपासून जितका खाली, तितका तो उलटून डोळ्यांत कमी येतो.

तुम्हाला मधला प्रकार हवा. मध्ये ठळक झोत आणि भोवती रुंद फिकट कडं, ज्यात न हलवता दोन्ही बांध दिसतील. २०,००० ते ४०,००० कँडेला पुष्कळ झाले, म्हणजे छापील २८० ते ४०० मीटर. कांद्याच्या मोकळ्या रानात शंभर-दीडशे मीटरवर हालचाल टिपायला तेवढं पुरतं. पीडी३६आरच्या जातीची कुठलीही चांगली टॉर्च चालेल. कमी पैशांत कॉन्व्हॉयची सी८ प्लस बघा. एक १८६५० सेल, बऱ्यापैकी खोल रिफ्लेक्टर, आणि मागवताना एलईडी निवडता येते. त्यात फार आवळलेली घेऊ नका आणि रंग ४००० ते ५००० केल्विनमधला घ्या (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). निळसर पांढऱ्या उजेडात ओली माती आणि वाळलेलं पाचट सारखंच दिसतं.

झूमवाली पुन्हा नको. झोत आवळला की ती एलईडीचा चौकोनी ठसा समोर फेकते, भोवतीचं कडं जवळजवळ शून्य. लेसरवर चालणाऱ्या एलईपी टॉर्चही याच कारणाने बाद. त्यांची रेघ किलोमीटरच्या पुढे जाते, पण पायाशी अंधार.

सोल्डरगन

माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे, अशा बॅटऱ्या रोज उघडतो. झूमचं तोंड पुढेमागे सरकतं ना, तो पिचकारीसारखाच प्रकार. ओली असताना सरकवली की रबरी रिंगेच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. तुमची तशीच गेली असणार. तोंड न सरकणारी आणि आयपीएक्स८ किंवा आयपी६८ (पाण्यात बुडाली तरी टिकण्याचा दर्जा) लिहिलेली घ्या.

घेतल्यावर दर महिन्याला मागची टोपी काढायची, आटे कोरड्या फडक्याने पुसायचे, रिंगेवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. पेट्रोलियम जेली लावू नका, काही रबर त्याने फुगतं. आट्यांत चिखलाचा एक कण अडकला तरी रिंग कापली जाते. माझ्याकडे येणाऱ्या ‘बंद पडल्या’ म्हणणाऱ्या चांगल्या टॉर्चमध्ये निम्म्या नुसते आटे पुसून चालू होतात.

सेलवर पैसे वाचवू नका. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या मापात चांगले सेल सहसा ३५००-३६०० एमएएचच्या (सेलमध्ये मावणाऱ्या चार्जचं माप) आसपासच असतात. ९९०० लिहिलेला सेल दिसला की खोटा समजा. शंका आली तर सराफाच्या काट्यावर ठेवा. खरा ४५ ते ५० ग्रॅम भरतो, खोटा बऱ्याचदा त्याहून बराच हलका. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांच्या खिशात टाकायचा नाही. शॉर्ट झाला तर मांडी भाजेल.

खोक्यावरच्या तासांचंही बघा. मानकाप्रमाणे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. त्यातला बराच काळ टॉर्च मिणमिणतीही असू शकते. शिवाय पूर्ण जोर काही मिनिटांचाच, अंग तापलं की ती आपोआप मंदावते. ते बिघडणं नव्हे. तुमच्या कामाला ३००-४०० लुमेन किती तास स्थिर राहतात ते विचारून घ्या.

बटण मागचं, टणक, यांत्रिक असलेलं बरं. ओल्या बोटांनीही दाबलं की कळतं. आणि घरात ४ व्होल्टची शिशाची चार्जिंगवाली जुनी बॅटरी असेल तर ती उतरलेल्या अवस्थेत पडू देऊ नका. महिनाभर तशी राहिली की पुन्हा धड चार्ज धरत नाही.

शिवारलेक

दादा, आमचंही ऊसपट्ट्यातलं गाव, शिरूरकडचं. बिबट्यासाठी बॅटरी घेताय, पण पायाखाली घोणस आणि मण्यार असते हे विसरू नका. सासूबाईंना घोणस चावली ती बांधावरच. त्यांच्या हातात बॅटरी होती, पण झोत पुढे लांब होता. त्या दिवसापासून आमच्या घरात कपाळाला हेडलँप आणि हातात बॅटरी, दोन्ही घेतल्याशिवाय कुणी जात नाही. हेडलँप मंद ठेवायचा, पायांसाठी. दारं धरताना दोन्ही हात मोकळे राहतात ते वेगळंच. हातातली फक्त पुढचं बघायला.

लांबवर बघताना ती कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरा. बिबट्याच्या डोळ्यांवर पडलेला उजेड आलेल्या वाटेनेच मागे फिरतो. बॅटरी कमरेशी असेल तर ती चमक आपल्यापर्यंत नीट पोचत नाही. कपारीदादांनी धुक्याचं सांगितलं ते खरंच, पण इथे नेमकं उलटं करायचं. डोळे कुत्र्याचे, मांजराचे, गाईचेही चमकतात, म्हणून नुसत्या चमकेवरून घाबरू नका. जमिनीपासून किती उंच आहेत आणि हलतात कसे ते बघा.

दिसलाच तर झोत त्याच्या मागे मागे नाचवू नका, वाट मोकळी ठेवून मागे सरा. पाठ फिरवून पळायचं नाही, खाली बसायचं नाही. दोघांनी बोलत जा, मोबाईलवर गाणी लावा, काठी असू द्या. वनविभागाचा १९२६ नंबर दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

बांधकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, सासूबाई आता बऱ्या असतील अशी आशा.

सी८ प्लस ४००० केल्विनची मागवली, दोन चांगले सेल, एक चार्जर, दोन हेडलँप. सगळं मिळून बजेटच्या आत बसलं. काल पहिली रात्र. भावाला उसाच्या तोंडाशी उभं केलं आणि मी वाटेने आत गेलो. झोत समोर धरूनही दोन्ही बाजूंचा पाला कडेच्या उजेडात दिसत होता, सरीत पाणी कुठवर आलंय तेही. कांद्याच्या पलीकडच्या बांधावर दोन डोळे चमकले. ताईंनी सांगितलं तसं बॅटरी कानशिलाशी धरून थांबलो. बुटके होते, उड्या मारत गेले. ससा असावा.

आईने सकाळी बॅटरी हातात घेऊन अंगणातून समोरच्या चिंचेवर मारून बघितली. दिवसा काय दिसणार, पण तिचं समाधान झालं.

सोल्डरगन दादा, सिलिकॉन ग्रीस जुन्नरच्या बाजारात मागितलं तर दुकानदाराने बेअरिंगचं पिवळं ग्रीस पुढे केलं. ते चालेल का?

सोल्डरगन

नाही, ते घेऊ नका. आरओ फिल्टर किंवा कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा, पांढुरकं पारदर्शक ग्रीस छोट्या डबीत मिळेल. वाटाण्याएवढं घेतलं तरी वर्ष निघतं.