'एन्क्रिप्ट' केलेलं बोलणं: कूटबद्ध, सांकेतिक की आणखी काही?

मांडवीकर: अडलोय. शिकागोतल्या भाच्याच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत करतोय. तिथल्या पोलिसांनी २०२२ मध्ये रेडिओवरचं बोलणं 'एन्क्रिप्ट' करायला घेतलं. पूर्वी लोक स्कॅनर (असं बोलणं पकडणारा रेडिओ) लावून ते थेट ऐकायचे, आता अर्ध्या तासाने ऐकायला मिळतं. मी 'कूटबद्ध संभाषण' लिहिलं, तर सौ. म्हणाली, "कूट दाण्याचं की तिळाचं?" शिवाय त्या ऐकणाऱ्यांना काय म्हणू? 'चोरून ऐकणारे' लिहवत नाही. घरी बसून ऐकणं तिथे गुन्हा नव्हता.

दांडियाबाजार: 'सांकेतिक' लिहा आणि मोकळे व्हा.

हॅमकाका: नाही हो, घोळ होईल. मी हॅमवर, म्हणजे हौशी लोकांच्या परवान्याच्या रेडिओवर, 'क्यूटीएच' म्हटलं की अर्थ 'ठिकाण'. छापील यादी आहे, कुणीही पाठ करावी. हा झाला संकेत, तो वेळ वाचवायला असतो. एन्क्रिप्शनमध्ये आवाजाचे आकडे करून ते किल्लीने, म्हणजे एका गुप्त आकड्याने, असे घुसळतात, की किल्ली नसलेल्या सेटला त्यातून काही हाती लागत नाही. दुसऱ्या देशातल्या हॅमशी बोलताना अर्थ लपवण्यासाठी काही पाठवायला आम्हाला आंतरराष्ट्रीय नियमानेच बंदी आहे, पण क्यू-संकेत खुशाल चालतात. दोन्हींना 'सांकेतिक' म्हटलंत तर हा नियम मराठीत लिहिणार कसा? आणि नुसतं डिजिटल झालं म्हणजे एन्क्रिप्ट झालं असंही नाही, बरं का. योग्य स्कॅनर असेल तर तेही ऐकता येतं.

सदाशिवपेठी: 'कूटबद्ध' हाच शब्द योग्य. कूटप्रश्न, कूटनीती वगैरे चालतात ना? दाण्याचं कूट 'कुटणे'वरून आलं, त्याचा इथे संबंध नाही. वाचकाला कळत नसेल तर वाचकाने कोश उघडावा.

रावपुरा: मीच उघडला. कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार! पोलीस खोटं बोलतायत असं लिहायचंय का?

सुरसागरकाठी: आम्ही बहिणी 'च'च्या भाषेत बोलायचो. 'तुला'चं 'चलातु'. आईला कळू नये म्हणून सगळा खटाटोप, आणि आई स्वयंपाकघरातून त्याच भाषेत उत्तर द्यायची. किल्ली सगळ्या गल्लीकडे होती! करपल्लवी, नेत्रपल्लवी आहेतच, तर 'रेडिओपल्लवी' म्हणा.

हॅमकाका: ताई, हसू नका, किल्लीचं तसं खरंच झालंय. टेट्रा नावाच्या रेडिओपद्धतीतल्या एका प्रकाराची किल्ली म्हणायला ८० बिटांची. नेदरलंड्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की आतून ती ३२ बिटांवर आणलेली होती. साधा संगणकही ती शोधून काढतो.

मांडवीकर: मग 'कुलूपबंद' चालेल? किल्ली आलीच आहे तर.

सदाशिवपेठी: कुलूप अरबी.

रावपुरा: चावी पोर्तुगीज. तुम्ही घरात शिरता कसे?

दांडियाबाजार: बंबही पोर्तुगीजच! आमच्या इथल्या अग्निशमन केंद्राला अजून बंबाखानाच म्हणतात.

सदाशिवपेठी: ते बडोद्याचं मराठी. अर्धं गुजराती.

रावपुरा: बडोद्याच्या मराठीला नावं ठेवू नका. सयाजीरावांनी १९३१ साली कारभारातल्या शब्दांचा कोश आठ भाषांत काढवला होता.

सदाशिवपेठी: त्यात एन्क्रिप्शन आहे का?

सुरसागरकाठी: आजोबा सांगायचे, बंब हा शब्द 'बं बं भोले'वरून आला. पाणी उकळताना तसाच आवाज येतो म्हणे.

दांडियाबाजार: ताई, पोर्तुगीजमध्ये पंपाला 'बोंबा' म्हणतात. भोलेनाथांना त्यात ओढू नका.

मांडवीकर: मंडळी, ऐकणारे राहिले. 'कानोसा घेणारे' कसं वाटतं?

दांडियाबाजार: कानोसा दाराआडून घेतात. म्हणजे पुन्हा चोरूनच.

सुरसागरकाठी: मुळीच नाही. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी चढली, तेव्हा दिवे गेलेले, फोन मेलेले. रात्रभर गॅलरीत कानोसाच घेत होतो, बोट कुठल्या सोसायटीपर्यंत आली म्हणून. त्यात चोरी कसली? रेडिओवर कळलं असतं तर तेही ऐकलं असतं. अर्ध्या तासाचं शिळं मात्र नको होतं.

हॅमकाका: त्याच बोलण्यात कुणाचा पत्ता असतो, कुणाचं आजारपण असतं. तेही सगळ्या सोसायटीने ऐकायचं? आपल्याकडे तर १९३३ च्या कायद्याने बिनतारी सेट नुसता बाळगायलाही परवाना लागायचा. म्हणून तर त्या ऐकणाऱ्यांसाठी आपल्याकडे शब्द पडला नाही.

रावपुरा: 'स्कॅनरवाले' म्हणा. रिक्षावाले, भाजीवाले, तसे स्कॅनरवाले.

सदाशिवपेठी: 'वाला' हिंदी.

मांडवीकर: अंक उद्या छापायला जातोय हो...

सुरसागरकाठी: दांडियाबाजार, तुमच्याकडे तांब्याचा बंब अजून आहे का? आमच्याचा नळ गळतोय, आणि दुरुस्त करणारा मिळत नाहीये.

दांडियाबाजार: आहे. खंडेराव मार्केटजवळ एक जण करतो. निरोप टाकतो.