छिन घराणं १५ वर्षांत आटोपलं, मग हान ४०० वर्षं कसं टिकलं?

चौकसबुद्धी:
सध्या प्राचीन चीनचं वाचतोय आणि एका ठिकाणी अडकलोय. छिनने इ.स.पू. २२१ पर्यंत बाकीची सहा राज्यं गिळली, वजनमापं एक, लिपी एक, गाड्यांच्या चाकांमधलं अंतरसुद्धा एक, आणि इ.स.पू. २०६ ला खेळ खलास. सगळीकडे एकच उत्तर, की छिन क्रूर कायदेवादी (कडक कायदा नि शिक्षेवर राज्य चालवणारे) आणि हान कन्फ्यूशियसवाले (नीती नि संस्कारांवर भर देणारे) सज्जन. पण हानने कायदे, जिल्हे, कारकून सगळं छिनचंच उचललं ना? मग फरक पडला कुठे?

बखरवाला:
क्रूरपणाच्या गोष्टी लिहिल्या कोणी ते आधी बघा, हानच्या दरबारातल्या इतिहासकार स-मा छियेनने, तेही शंभरेक वर्षांनी. त्याच्या म्हणण्यानुसार इ.स.पू. २०९ मध्ये चेन शंगची ९०० माणसांची तुकडी पावसात अडकली, उशीर झाला तर मुंडकंच उडणार म्हणून त्यांनी बंड केलं. आता १९७५ मध्ये हूबेइ प्रांतात शुइहूदीला छिनच्या एका कारकुनाचं थडगं सापडलं, त्यात हजारावर बांबूच्या पट्ट्या, बऱ्याचशा कायद्याच्या. त्यात काय लिहिलंय, तर बिगारीची माणसं ३ ते ५ दिवस उशिरा आली तर ताकीद, ६ ते १० दिवसांना एका ढालीचा दंड, त्यापुढे एक चिलखत. पावसापाण्याने अडलं तर काम रद्द!

रिकामटेकडा:
ते बिगारीचं कलम झालं हो, चेन शंगची माणसं सरहद्दीवर पहाऱ्याला चाललेली, लष्कराचा नियम वेगळा असू शकतो. एका थडग्यावरून लगेच क्लीन चिट नको.

जुनंपुराणं:
दोघांचंही मान्य, पण मला खरा मुद्दा छिनने केलेल्या घाईचा वाटतो. छिनची सिस्टीम त्यांचा मंत्री शांग यांगने बसवली, इ.स.पू. ३५६ च्या आसपास, आणि ती लढाईसाठीच होती, शत्रूचं डोकं आणा नि वरची पदवी घ्या. जिंकायला कोणी उरलं नाही तेव्हा तीच माणसं भिंती, रस्ते नि सम्राटाच्या थडग्यावर जुंपली, आणि काल जिंकलेल्या मुलखांवरही पहिल्या दिवसापासून तोच कारभार लादला. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग स्वतः छिनचा एक छोटा अंमलदार, त्याला हे आतून माहीत. त्याने पूर्वेकडचा बराच मुलूख राजांना वाटून टाकला, पश्चिमेला थेट कारभार ठेवला. पुढे इ.स.पू. १५४ मध्ये सात राजांचं बंड मोडल्यावर त्या राजांचे पंख छाटले. म्हणजे छिनला जे एका झटक्यात हवं होतं ते हानने दोन-तीन पिढ्या घेऊन पचवलं.

चौकसबुद्धी:
ओके, हे पटतंय. मग कन्फ्यूशियस नुसता शोभेला का?

जुनंपुराणं:
अगदी शोभेला नाही, हानच्या वू सम्राटाने इ.स.पू. १२४ मध्ये कन्फ्यूशियन ग्रंथ शिकवायची राजशाळा काढली आणि तिथली पोरं नोकरीत घेतली. पण मीठ आणि लोखंडाची सरकारी मक्तेदारीही त्याचीच, तिच्यावरून इ.स.पू. ८१ मध्ये विद्वानांनी दरबारात जोरदार भांडण केलं. आणि पुढे श्युआन सम्राटाला त्याचा मुलगा म्हणाला की शिक्षा फार कडक होतायत, कन्फ्यूशियन लोक नेमा, तर बाप भडकला, आपल्या घराण्याची रीत पहिल्यापासून कडक कायदा नि कन्फ्यूशियस यांच्या मिसळीची आहे म्हणाला, आणि हाच पोरगा घर बुडवणार असंही बोलून गेला. तरी गादी त्यालाच दिली!