शब्दचर्चा: ‘रद्द करा’ दाबल्यावर नक्की काय रद्द होतं?

प्रश्न: एका अ‍ॅपचं मराठीकरण चालू आहे. एका चौकटीत प्रश्न येतो, ‘ऑर्डर रद्द करायची?’ खाली दोन बटणं: ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. चाचणीत लोक बिनधास्त ‘रद्द करा’ दाबतात आणि ऑर्डर जागच्या जागी! ‘कॅन्सल’ला दुसरा शब्द सुचवा.

— ‘नको’. सुटसुटीत आहे, बोलण्यातला आहे.

— आणि ‘ऑर्डर नको’ असा अर्थ कुणी घेतला तर? इथे ‘नको’ दोन्हीकडून लागू पडतो, उलट घोळ वाढेल. खरं तर मूळ इंग्रजी चौकटही अशीच गोंधळाची असते, मराठीत तो फक्त उघडा पडला. बटणावर होय-नाही किंवा ठीक-रद्द न लिहिता कृतीच लिहा: ‘ऑर्डर रद्द करा’ आणि ‘राहू द्या’. मग वरचा प्रश्न न वाचताही बटण कळतं. (वरचा प्रश्न तसाही कोण वाचतो!)

— कोड लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगतो. ‘कॅन्सल’ हा मजकूर बहुतेक वेळा एकदाच नोंदवलेला असतो आणि सगळ्या पडद्यांवर तोच उचलला जातो. इथे बदलला की फाइल निवडण्याच्या चौकटीतही ‘राहू द्या’ उमटेल. जागेनुसार नोंदी वेगळ्या करून घ्या. गेटटेक्स्टमध्ये (अ‍ॅपमधल्या मजकुराचे अनुवाद सांभाळणारी प्रणाली) त्यासाठी प्रत्येक नोंदीला संदर्भ जोडता येतो. अनुवादकाला नुसती शब्दांची यादी पाठवून काम उरकणाऱ्यांना हे आधी ऐकवा.

— जोडवाक्यांचंही बघा. ‘अमुक हटवले’ असा साचा केला की ‘फाइल हटवले’ असलं मराठी तयार होतं. फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवलं; शिवाय 5 फाइली हटवल्या. प्रत्येकाचं पूर्ण वाक्य वेगळं ठेवा. आयसीयू या भाषांतरासाठीच्या सॉफ्टवेअर-संचाच्या संदेश-साच्यात लिंग आणि वचन दोन्हींनुसार पर्याय देता येतात. ‘नवा-नवी-नवं’ची कटकट मात्र ‘नवीन’ने परस्पर मिटते.

— लांबीचं काय? आमच्याकडे बटणाला अक्षरमर्यादा असते.

— कशी मोजता त्यावर आहे. ‘राहू द्या’ डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये मात्रा, हलन्त आणि मधली जागा धरून 9 चिन्हं होतात. 7 वर कापलं तर पडद्यावर ‘राहू द्’ उरतं. दिसणारी अक्षरं मोजा, नाहीतर बटणच मजकुराप्रमाणे रुंद होऊ द्या. मी यातला दुसरा मार्ग घेईन.

प्रश्नकर्ता: ‘ऑर्डर रद्द करा’ आणि ‘राहू द्या’ पक्कं, नोंदीही वेगळ्या करतोय. आता ‘सबमिट’. ‘सादर करा’ म्हटलं की अर्ज-विनंत्यांचा वास येतो.

— कशाचं सबमिट? अभिप्राय असेल तर ‘पाठवा’, परीक्षेची उत्तरं असतील तर ‘उत्तरं जमा करा’. आधी पडदा दाखवा.