जुन्या युद्धविमानांचे फोटो रंगवून ग्रुपवर टाकावेत का?

सांबरेकर:
परवा ग्रुपवर बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीचा दुसऱ्या महायुद्धातला म्हणून एक फोटो फिरला. मूळ कृष्णधवल, कुणीतरी ॲपमधून रंगवलेला. विमानाच्या अंगावरच्या गोल चिन्हाच्या मधोमध लालभडक ठिपका! हा तळ १९४२ चा, ब्रह्मदेशच्या लढाईसाठी इंग्रजांनी बांधलेला. त्या आघाडीवर जपानी विमानांचा लाल गोळा ओळखताना घोटाळा होऊ नये म्हणून ब्रिटिशांनी आपल्या चिन्हातला लाल रंगच काढून टाकला होता. मूळ प्रिंटमध्ये तो मध्य फिकट दिसतोय, आणि ॲपनं नेमका तोच लाल केला. शेपटीजवळचा पुसट क्रमांक 'साफ' करताना आकडेही बदलले. माझं म्हणणं स्पष्ट आहे: मूळ फोटो सोबत नसेल तर रंगवलेला टाकूच नये.

निपाणीची लेक:
मला नाही पटत. माझे आजोबा हवाई दलात होते, डकोटा या मालवाहू विमानाच्या देखभालीवर. त्या विमानाजवळ उभा राहून काढलेला त्यांचा फोटो ट्रंकेत पडून होता, कसर लागलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. वर्षानुवर्षं घरात कुणी त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही. मी तो साफ करून रंगवला, तेव्हा भावाची पोरं पहिल्यांदा विचारायला लागली, आज्जा कुठं होता, काय करायचा? चिन्हाचा रंग चुकला असेल, पण माणूस तर घरात परत आला की ओ.

सांबरेकर:
ताई, आजोबांचा फोटो जरूर रंगवा. माझी तक्रार तो घराबाहेर पडल्यावर काय होतं त्याची आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला डकोटांनी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवले. त्यातल्या व्हीपी ९०५ चा क्रमांक आज हवाई दलाच्या 'परशुराम' या डकोटावर रंगवलाय. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी दुरुस्त करवून २०१८ मध्ये भेट दिलेलं ते विमान वेगळं, क्रमांक मानाचा म्हणून दिलेला. आता बंगळुरूजवळ येलहंकाच्या विमान प्रदर्शनात त्याचा फोटो काढून तो कृष्णधवल केला, की झाला '१९४७ चा श्रीनगर'! दहा वर्षांनी खरा कुठला ते कोण सांगणार?

खानापूरचा फोटोवाला:
मूळ मूळ म्हणून किती धरून बसायचं? काही जुन्या फिल्मला लाल-पिवळा रंग नीट दिसतच नसे. विमानाच्या चिन्हाभोवतीचं पिवळं कडं त्यात जवळपास काळं उमटायचं. म्हणजे मूळ प्रिंटही खोटंच बोलते. आणि आजचं घ्या. टायगर मॉथ किंवा हार्वर्ड अशा पंख्याच्या जुन्या विमानावर शटर २००० ला (सेकंदाचा दोन हजारावा भाग) ठेवलं तर पंखा गोठतो आणि विमान दोरीला टांगल्यासारखं दिसतं. १२५-१६० वर आणून कॅमेरा विमानाबरोबर फिरवला तर पंखा फिरताना दिसतो, पण ढीगभर फ्रेम हलून वाया जातात. म्हणून बरेच जण वेगात टिपतात आणि नंतर संगणकावर पंखा फिरवतात. त्यांनाही बंदी घालणार काय?

सांबरेकर:
फिल्मची खोड ठराविक असते. फिल्म कुठली ते कळलं की काळं कडं खरं पिवळं असू शकतं, हे जाणकार ओळखतो. ॲपनं अंदाजानं भरलेला रंग कुठल्या नियमानं उलटा वाचायचा? संगणकावर फिरवलेल्या पंख्याबद्दलही मी तेच म्हणेन, खाली एक ओळ लिहा.

टिळकवाडीकर:
भांडा, पण आधी स्कॅन करा. आपल्याकडच्या पावसात निगेटिव्हला बुरशी धरायला एक सीझन पुरतो. प्रिंट किमान ६०० डीपीआयला घ्या आणि मागची बाजू सोडू नका. स्टुडिओचा शिक्का, तारीख, युनिटचं नाव, सगळं तिथंच असतं. लोक पुढची बाजू तेवढी टाकतात, याचा मला रंगवण्यापेक्षा जास्त राग येतो. आणि फोटो कुणी काढला ते ठाऊक असेल तर त्याचं नाव लिहा. फोटो आपल्या ट्रंकेत सापडला म्हणून आपण काढलेला होत नाही.

निपाणीची लेक:
मूळ स्कॅन आज रात्री टाकते. रंगीत मात्र वरच राहील, ते मी काढणार नाही. मागची बाजू आत्ताच बघितली. पेन्सिलीनं तीन ओळी आहेत, पण मोडीत. आमच्या घरात वाचता येणारं आता कुणी उरलं नाही. बेळगावात मोडी वाचणारं कुणी माहीत असेल तर सांगा, फोटो घेऊन येते.