पीकॉम (आयबीएम पर्सनल कम्युनिकेशन्स, पीसीवरून मेनफ्रेम म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकाला जोडणारं सॉफ्टवेअर) चालू होतंय पण मेनफ्रेमची स्क्रीनच येत नाही, खाली कॉम ६५७

नवशिका: सोमवारपासून मेनफ्रेम प्रोजेक्टवर आहे, घरून काम. आयबीएम पर्सनल कम्युनिकेशन्समध्ये टीएन३२७० (मेनफ्रेमला जोडायची पद्धत) निवडून होस्ट (म्हणजे मेनफ्रेमचं नाव) आणि पोर्ट टाकला, सेशन ए उघडतं पण पूर्ण काळं, खाली कॉम ६५७ हा कोड येऊन तसंच राहतं. कुठं चुकतंय?

कोबोलवाली: ६५७ म्हणजे तुझं मशीन अजून होस्टपर्यंत पोचलेलंच नाही रे, तेव्हा आधी व्हीपीएन बघ, मग होस्टचं नाव एकेक अक्षर तपासून घे, आणि पोर्ट टीमला विचारूनच टाक कारण साधा टेलनेट (एन्क्रिप्शन नसलेली जोडणी) २३ वर असतो, टीएलएस (एन्क्रिप्ट केलेली जोडणी) असेल तर बऱ्याच ठिकाणी ९९२. पोर्ट बदलून ६५५ आला तर लाइन लागलीय पण पुढची बोलणी अडलीयेत, मग सिक्युरिटी सेटिंगमध्ये टीएलएस चालू कर.

नवशिका: ताई, व्हीपीएनच तुटलेला होता! आता लोगो आला, पण लॉगॉन टाइप करून एंटर मारलं की कर्सर नुसता खालच्या ओळीत जातो, आणि मध्येच खाली एक्स येऊन कीबोर्ड लॉक.

जुना_ऑपरेटर: पीकॉमच्या मूळ कीबोर्डवर एंटर म्हणजे उजवा कंट्रोल, आणि एक्स आला की डावा कंट्रोल, तो रिसेट. जिथं टाइप करता येत नाही तिथं बोट पडलं की एक्स येतोच. कीबोर्ड मॅप बदलता येतो पण मी म्हणेन बदलू नकोस, दुसऱ्याच्या मशीनवर बसलास की अडशील.

नवशिका: उजव्या कंट्रोलने टीएसओत (मेनफ्रेमवर लॉगॉन करून काम करायची जागा) शिरलो दादा, मनापासून आभार दोघांचे.