मदत हवी आहे : पोकलेनचा ट्रेलर ओढायला लष्करातून निघालेला ट्रक – शक्तिमान, स्टॅलियन की आणखी काही?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण पूर्ण वाचून सल्ला द्या ही विनंती.

माझं ११० चं एक पोकलेन आहे, वजन साधारण ११ टन. पाटणपासून कुंभार्ली घाटाच्या माथ्यापर्यंत वाड्या-वस्त्यांवर कामं असतात: रस्ते, विहिरी, नाल्यातला गाळ. मशीन चालतं ते कामावर, पण कामापर्यंत पोचवतानाच जीव मेटाकुटीला येतो. भाड्याचा ट्रेलर डांबर संपलं की थांबतो. गेल्या जूनमध्ये एक ट्रेलरवाला वाडीच्या पायथ्याला आला, चढाकडे बघितलं आणि मशीन तिथेच उतरवून परत गेला. पाच किलोमीटर चेनवर चालवत नेलं. दोन रोलरची सीलं गेली, वाडीच्या रस्त्याची कडा ढासळली ती वेगळीच. सरपंच काही बोलले नाहीत, पण मलाच वाईट वाटलं.

म्हणून स्वतःची ओढगाडी घ्यायची ठरवलंय. ट्रक, ट्रेलर आणि कागदपत्रं मिळून १२ लाखांच्या वर जायची ताकद नाही. लष्कराच्या जुन्या गाड्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे जाऊन आलो. त्याच्याकडे एक शक्तिमान, दोन स्टॅलियन आणि एक टाटा ७१३ आहे, सगळ्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या). सोबत ४ टन वजनाचा, दांड्याने मागे जोडायचा ट्रेलर देतो म्हणाला. ट्रेलरला ब्रेक नाहीत.

आबा सोबत होते. त्यांनी एएससीमध्ये (लष्कराच्या रसद-वाहतूक दलात) १७ वर्षं शक्तिमान चालवली. अंगणातली ती गाडी दिसल्यावर ते आधी बॉनेटपाशी गेले नाहीत, थेट मागे गेले. हूकची खिट्टी काढली, जबडा वर केला आणि आत अंगठा फिरवला. ग्रीस पुसून मला दाखवलं. जिथे ट्रेलरची कडी बसते तिथे नखभर खोल चर पडला होता. "हिनं पुष्कळ ओढलंय," म्हणाले. तरी घरी आल्यापासून शक्तिमानचंच नाव काढतात. त्यांचं मन मोडायचं नाही, पण चुकीची गाडीही घ्यायची नाही.

माझे प्रश्न: यातली कोणती गाडी १५ टन (ट्रेलर धरून) ओढेल? पावसाळ्यात कच्च्या चढावर काय होईल? आणि आरटीओत नोंदणी कशी होते?

गिअरपेटी

दादा, मी घाटात बंद पडलेल्या गाड्या ओढायचं काम करतो, म्हणून आकड्यांतच सांगतो. तुम्ही कागदावर मांडून बघा.

ट्रक रिकामा ८ टन धरा, ट्रेलर ४, मशीन ११. एकूण २३ टन. डांबरी घाटात १५ ला १ चढ असेल तर टनामागे ६७ किलो ओढ लागते, त्यावर चाकं नुसती फिरवायला १८ किलो. २३ गुणिले ८५ म्हणजे जवळजवळ दोन टन. शक्तिमानचं इंजिन नवं असताना ११० अश्वशक्तीचं. त्यातली ८० चाकापर्यंत पोचली तर ताशी ११ किलोमीटरने चढाल. स्टॅलियनची १६० धरली तर त्याच हिशेबाने ताशी १६. म्हणजे डांबरावर दोन्ही गाड्या चढतील. शक्तिमानच्या मागे बसची रांग लागेल, एवढाच फरक. ७१३ अडीच टनी गाडी आहे, ती या यादीतून काढाच.

आता वाडीचा चढ घ्या. तुमच्याकडे १० ला १ सहज असेल. टनामागे चढाचे १०० आणि कच्च्या रस्त्याचे ४० किलो. २३ गुणिले १४०, म्हणजे ३,२२० किलो. इंजिन फोर लोमध्ये (चारही चाकं जोडून, सगळ्यात जोरकस गिअरात) तेवढं देईल. प्रश्न चाकाच्या पकडीचा आहे. कोरड्या मुरमावर चारही चाकं मिळून वजनाच्या निम्मी पकड देतात, ८ टनाला ४ टन. जमलं. पहिला पाऊस पडून तांबडी माती भिजली की तीच पकड वजनाच्या ३० टक्क्यांवर येते, म्हणजे २,४०० किलो. चाकं जागेवर फिरणार.

लोक म्हणतील हौद्यात दगड भरा. ५ टन भरलेत तर ट्रक १३ टनांचा झाला, पकड ३,९००. पण एकूण वजन २८ टन झालं, लागणारी ओढ ३,९२०. पाच टन दगड वाहूनही गाडी तिथेच. दांड्याचा ट्रेलर आपलं वजन ट्रकवर टाकत नाही, नुसता मागे खेचतो. लो-बेडची (मशीन नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरची) मान घोड्याच्या, म्हणजे पुढच्या ओढगाडीच्या, पाठीवर बसते, त्यामुळे माल जड तेवढी मागच्या चाकांची पकड वाढते. हा फरक तो व्यापारी तुम्हाला सांगणार नाही.

आणि बिनब्रेकचा ट्रेलर फुकट दिला तरी घेऊ नका. उताराला १५ टनांचा ट्रेलर त्याच १० ला १ वर दीड टनाच्या जोराने ट्रकला मागून ढकलतो. सरळ रस्त्यात ट्रकचे ब्रेक ते सोसतात. वळणावर तो धक्का तिरपा बसतो आणि ट्रकची शेपटी फिरते. मी दरीतून काढलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच अशाच गेलेल्या होत्या. ट्रेलरला हवेचे ब्रेक हवेत, दोन नळ्यांचे. एक ब्रेक लावायला, दुसरी अशी की ती तुटली किंवा ट्रेलर सुटला तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. घेण्याआधी ती नळी हाताने काढून बघा, चाकं जागच्या जागी आवळली पाहिजेत.

देवळालीकर

गिअरपेटी यांचं गणित बरोबर आहे. मी तोफखान्याच्या वर्कशॉपमध्ये होतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो.

१९८६ मध्ये बोफोर्स घेतल्या तेव्हा त्यांच्यासोबत त्या ओढायला स्वीडनच्या स्कॅनिया गाड्याही आल्या. तोफ साधारण १२ टनांची, म्हणजे तुमच्या पोकलेनएवढीच. तेवढ्यासाठी त्यांनी सहाही चाकं चालणारी, ११ लिटर टर्बो इंजिनची, ३०० अश्वशक्तीची गाडी दिली. शिवाय गोळे आणि तोफेची माणसं त्याच गाडीत, म्हणजे हौदा कधी रिकामा नसायचा. एवढं करून तोफेला स्वतःचं इंजिनही आहे. अवघड जमिनीत तोफेची चाकंही फिरवता येतात, ट्रक ओढतो आणि तोफ मागून जोर देते. लष्कराने १२ टनांसाठी एवढा बंदोबस्त केला, तो काही हौस म्हणून नाही. पुढे अशोक लेलँडनेही तोफा ओढायला जी गाडी बनवली ती सहा बाय सहाचीच. स्टॅलियन ही रसद नेणारी गाडी आहे: ५ टन रानातून, साडेसात टन रस्त्यावरून. ती कामं ती उत्तम करते.

म्हणून मग स्कॅनिया किंवा टाट्रा शोधू नका, असंही सांगतो. टाट्राचा सांगाडा म्हणजे एक जाड नळी, तिला दोन्ही बाजूंना एकेकटी हलणारी चाकं, इंजिन हवेवर थंड होणारं. खाचखळग्यात तिच्यासारखी गाडी नाही. पण पाटणमध्ये तिचा एक भाग मोडला तर मशीन महिनाभर उभं राहील. स्टॅलियनचं सामान कऱ्हाड-कोल्हापुरात मिळेल, मेस्त्रीही मिळेल. शक्तिमानचे जाणते मेस्त्री आता माझ्या वयाचे झाले.

तुमच्या आबांना माझा नमस्कार सांगा. हूकच्या जबड्यात अंगठा घालून बघणारा ड्रायव्हर पक्का असतो.

कागदपत्री

नोंदणीचं मी सांगते, आमच्या घरात हेच काम आहे.

लष्कराच्या गाडीला आरटीओची आरसी नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली तिची नोंद संरक्षण खात्याकडे असते, म्हणून तर नंबरपट्टीवर वर टोक केलेला बाण असतो. लिलावात ती खासगी माणसाकडे आली की आरटीओला फॉर्म २१ मधला मूळ विक्री दाखला लागतो, सोबत तुमचा फॉर्म २० चा अर्ज. झेरॉक्स चालत नाही. व्यापाऱ्याने लॉट घेतला असेल तर लॉटच्या पत्रात तुमच्या गाडीचा चेसिस नंबर आहे का ते बघा, आणि गाडीखाली वाकून तो नंबर स्वतः वाचा. रंगाखाली असेल तर खरवडा. मधे आणखी कोणी मालक झाला असेल तर त्याचंही पत्र हवं.

शक्तिमान बनणं १९९६ मध्ये थांबलं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्या भंगार केंद्राकडे पाठवायचा नियम आहे. लष्कराच्या खास कामाच्या गाड्यांना त्यात सूट आहे, पण ती लष्कराच्या वापरासाठी, तुमच्यासाठी नाही. आज ज्या शक्तिमानवर खासगी नंबर नाही, ती नोंदवण्याच्या भरीला पडू नका. स्टॅलियनचंही उत्पादन वर्ष बघून घ्या.

ट्रेलरची नोंदणी आणि विमा वेगळा काढावा लागतो. हौदा कापून घोडा बनवायचा विचार असेल तर कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी, मग गॅस कटर. उलटं केलं तर पासिंगला अडकाल आणि अपघात झाला तर विमा मिळणार नाही.

कोयनाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. रात्री आबांना सगळं वाचून दाखवलं. गिअरपेटी यांचं गणित त्यांनी वहीवर पुन्हा मांडायला लावलं. शक्तिमानच्या नोंदणीचं ऐकून थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग स्टॅलियनच्या कागदांचं विचार."

काल परत जाऊन आलो. दोन स्टॅलियनपैकी एकीचा मूळ दाखला आहे आणि चेसिस नंबर जुळतो. दुसरीचा "येतोय" म्हणाला, ती सोडली. वजनकाट्यावर पहिली आठ टनांच्या थोडी वर भरली. जबडा झिजलेला नाही, डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी कळ) लागतो. पण ११ टनी मशीनसाठी ती घ्यायची नाही, हे आता पटलंय.

नवा विचार असा आहे. डांबरावर भाड्याचा लो-बेड पूर्वीसारखाच. वाड्यांच्या कामासाठी ७० चं, ७ टनांचं जुनं मशीन बघायचं आणि स्टॅलियनच्या हौद्यातच चढवायचं, ट्रेलर नकोच. सगळं वजन चाकांवर येतं, मागून ढकलणारं काही राहत नाही. अडचण अशी की ७ टन रस्त्यावर बसतात, कच्च्यावर मर्यादा ५ ची. म्हणजे डांबर संपलं की मशीन उतरवून चेनवरच न्यावं लागणार, फक्त अंतर कमी होईल. की ५ टनांच्या आतलं मशीन घेऊन थेट वाडीपर्यंत जावं?

५ टनांच्या मशीनने आमच्याकडच्या काळ्या कातळात विहिरीचं काम कोणी केलं आहे का? ब्रेकर लावून दिवसाला किती फूट उतरतं, ते कळलं तर ठरवता येईल. आणि हौद्याच्या पट्ट्यांवर चेन चढवताना खाली काय अंथरता, लाकूड की जुने टायर?